डुकरीला घाम येत नाही

शिबिर नागपूरला होतं. २०१९ सालचा मे, शनिवार, २५ तारीख. हॉलमध्ये दोन कूलर घरघरत होते. पोरं वह्या घेऊन बसलेली. विषय होता 'जातीचे धंदे आणि आपली सुटका'. वक्ता मी. बोलता बोलता खिशातला फोन थरथरला. कापला. परत थरथरला. परत कापला. तिसऱ्यांदा सरळ बंद करून टाकला आणि आवाज चढवला. टाळ्याही मिळाल्या.

तिन्ही फोन बहिणीचे होते. तिकडं चंद्रपूर जिल्ह्यात, आमच्या घरामागच्या टिनाच्या खोपटात, पाच दिवसांची बाळंतीण डुकरीण मरत होती.

दोस्तहो, हसू नका. हसायचं असेल तर हसून घ्या आणि मग पुढं वाचा. मी कैकाडी. आमच्या बोलीत डुकराला फँड्री म्हणतात. २०१३ सालच्या सिनेमामुळं हा शब्द महाराष्ट्राला कळला. तो आमच्या गावात लागला तेव्हा मीही बघायला गेलो होतो, चळवळीतल्या मित्रांबरोबर. पडद्यावर डुकराच्या मागं धावणारं घर दिसलं आणि शेजारचा मित्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जबरदस्त आहे यार." माझ्या पोटात कालवत होतं. कारण त्याला जे जबरदस्त वाटत होतं ते माझं रविवारचं काम होतं. त्याला मी कधी घरी नेलं नव्हतं.

आमचा कागदही मजेशीर आहे. वर्धा नदीच्या अलीकडं आम्ही अनुसूचित जाती. नदी ओलांडून राजुरा तालुक्यात गेलं की माझा सख्खा मामा विमुक्त जाती, 'अ' प्रवर्ग. राजुरा पूर्वी निजामाच्या राज्यात होता. राज्य गेलं, निजाम गेला, रेषा राहिली. १९७६ साली यादी दुरुस्त झाली तेव्हाही कैकाड्यांपुरती ती तशीच राहिली. मायला हे समजावून सांगायचा मी दोन-तीनदा प्रयत्न केला. ती म्हणाली, "अन् तिकडच्या डुकराइले ऊन कमी लागते काय बाबू?"

घरात आम्ही कैकाडीच बोलतो. इथं मायचं बोलणं वऱ्हाडीत लिहितोय, तुम्हाला कळावं म्हणून. तेवढं माफ करा.

तर ती डुकरीण. २६ जानेवारीला फळली होती. तारीख पक्की आठवते, कारण मी शाळेत झेंडावंदनाला गेलो होतो आणि परत आलो तर माय ओट्यावर बसून हसत होती, "तुयाकडं झेंडा, इकडं गाभ." डुकरीणीचे दिवस तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. एकशे चौदा. माय बोटावर मोजते, महिना तीस दिवसांचा धरून. २६ जानेवारीत एकशे चौदा मिळवा, येतो २० मे. बरोबर २० मेच्या पहाटे ती व्याली. नऊ पिल्लं. नऊही जिवंत. मायनं मिठाई वाटायची तेवढी बाकी ठेवली होती. कारण त्या नऊ पिल्लांत बहिणीची नर्सिंगच्या कोर्सची पहिल्या वर्षाची फी होती. बहिणीची बारावी झालेली, फॉर्म भरलेला, कुठल्या पिल्लाचे पैसे कुठं जाणार हेसुद्धा घरात ठरलेलं. मी नोकरीला होतो, पण माझा पगार तेव्हा सहा-सहा महिने अडकायचा. घर डुकरावर चालायचं आणि मी डुकराविरुद्ध भाषण द्यायला जायचो. हे असं होतं. लपवून काय करू.

त्या आठवड्यात पारा ४७ ला टेकला होता. आमच्याकडचं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. सकाळी नऊलाच रस्ता ओस. दगडी कोळशाच्या खाणीचा काळा धूर, डांबर चपलेला चिकटतं, नळाला हात लावला तर चटका. माणसं कूलरसमोर पडून असतात. ज्यांच्याकडं कूलर नाही ती ओलं फडकं अंगावर घेऊन पडतात. खोपटावर टिन. टिन दुपारी तव्यासारखं तापतं आणि वरून आत भाजतं.

बहिणीनं पुढं मला जे सांगितलं ते असं. शुक्रवारपासून डुकरीणीनं तोंड लावलं नाही. सडाला पिल्लं झोंबायची, ती उठायची, पुन्हा धाडकन पडायची. त्यात दोन पिल्लं अंगाखाली गेली. शनिवारी सकाळी ती तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली, फेस आला, कातडी लालबुंद. बहीण जनावरांच्या दवाखान्यात धावत गेली. कुठल्या ते सांगत नाही. तिथं तिला सांगितलं, साहेब नाहीत. आणि मग हळूच, डुक्कर आहे का, मग संध्याकाळी बघू. मला फोन केले. ते मी कापले. शेवटी शेजारच्या पोरानं माया म्हणून काय केलं, रसवंतीवरून बर्फाचं पाणी आणलं, भरलेली बादली एकदम तिच्या अंगावर ओतली. ती थरथरली, पाय ताणले आणि गेली.

ते पोरगं अजून माझ्याशी नीट बोलत नाही. चूक त्याची नव्हती. तापलेल्या जनावरावर एकदम गार पाणी ओतलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, आतली उष्णता आतच कोंडते, वर काळजाला धक्का. पण हे त्याला कोणी सांगितलं होतं? मला तरी कुठं माहीत होतं? मला विद्रोहाची व्याख्या पाठ होती.

सोमवारी पोचलो तेव्हा माय मातीच्या खापरात शेळीचं दूध घेऊन बसलेली. बोटाला फडकं गुंडाळून एकेका पिल्लाच्या तोंडात थेंब सोडत होती. माझ्याकडं बघितलंही नाही. सातातली पाच पुढच्या आठवड्यात गेली. दोन जगली. बहिणीचं वर्ष गेलं.

मायनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "भाषन कसं झालं?"

त्यानंतर मी शिकायला लागलो. चळवळीतल्या पुस्तकांसारखंच हेही शिकावं लागतं हे तेव्हा कळलं. दुसऱ्या तालुक्यात एक पशुधन पर्यवेक्षक बाई आहेत, त्यांच्या मागं लागलो. त्या स्वतः खोपटात वाकून आल्या, नाकाला पदर लावला नाही. पहिलंच त्यांनी विचारलं, "डुकराला घाम येतो का?" मी म्हटलं येत असेल. त्या म्हणाल्या, नाही. घामाच्या ग्रंथी आहेत, पण नावापुरत्या, अंग थंड करायच्या कामाच्या नाहीत.

हे एक वाक्य मी तीन-चार दिवस डोक्यात घेऊन फिरलो. तुम्हीही जरा थांबा इथं. माणूस तापला की घामानं निवतो. डुकराला ती सोय नाही. त्याला दोनच वाटा: धापा टाकायच्या, नाहीतर ओल्यात लोळायचं. ओलं अंग वाळतं तेव्हा थंड होतं. म्हणून ते पाणी शोधतं. स्वच्छ पाणी मिळालं तर स्वच्छ पाण्यात बसेल. आणि जागा दिली तर हगायला एक कोपरा वेगळा ठेवतं, निजायच्या जागी घाण करत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय. पण पाणी द्यायचं नाही, जागा द्यायची नाही, मग ते गटारात बसतं, उन्हाळ्यात आपल्याच मुतात लोळतं, आणि मग जग म्हणतं, बघा, घाणेरडं जनावर. आधी पाणी तोडायचं आणि मग घाणेरडा म्हणायचं. हा खेळ आपल्या ओळखीचा आहे, दोस्तहो. १९२७ साली चवदार तळ्यावर तो मोडायला आपली माणसं गेली होती. मला माहीत आहे, माणसाची आणि डुकराची बरोबरी केली म्हणून काही जण चिडतील. मी माणसाची बरोबरी करत नाही. खेळाची करतोय.

आता बाळंतीण डुकरीणच का मरते? गाभण नसलेली, नुसती फिरणारी डुकरीण तेवढ्याच उन्हात कशीबशी तग धरते. बाईंनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. दूध करणं म्हणजे पोटात चूल पेटवणं. पिल्लू एक किलो वाढायला साधारण चार किलो दूध लागतं. नऊ-दहा पिल्लं, दर तासाला एकदा तरी सडाला लागणार, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला दूध सगळ्यात जास्त. त्या दुधासाठी तिनं भरपूर खाल्लं पाहिजे. पण खाल्लेलं पचवतानाही अंगात उष्णता होते. बाहेर आग, आत दोन चुली. हवा पंचविसाच्या वर गेली की बाळंतीण डुकरीण खाणं कमी करायला लागते. हट्टानं नव्हे. तेवढीच एक चूल तिच्या हातात असते विझवायला. मग दूध आटतं. दूध आटू नये म्हणून ती स्वतःचं अंग वितळवते. पाठीचा कणा वर येतो, पिल्लं तोडल्यावर आठवड्याभरात माजावर यायची ती महिना-महिना येत नाही. आणि उकाड्यानं जीव थाऱ्यावर नसतो, ऊठबस करते, पिल्लं दबतात. त्या दोन पिल्लांना आम्ही तिची चूक म्हणत होतो.

माय हे सगळं ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मी बी तुले असंच पाजलं. रस्त्याच्या कामावर. मे महिन्यात." बाई गप्प झाल्या. मीही.

अडचण अशी की पिल्लांचं गणित उलटं. आईला अठरा-वीस डिग्री हवी, पोटातून नुकत्या बाहेर आलेल्या पिल्लाला बत्तीस ते पस्तीस. दीड-एक किलोचा जीव, अंगावर चरबी नाही. एकाच खोपटात दोन ऋतू पाहिजेत. आईला गार करायला पाणी मारलं आणि पिल्लं भिजली तर रात्री ती गारठतात, हगवण लागते. आणि कोरडं ठेवलं तर आई मरते. छापील पुस्तकात उपाय आहे: पिल्लांसाठी बल्ब लावा. मी बाईंना ते पान दाखवलं. त्या हसल्या. "हे थंड मुलखात बसून लिहिलेलं आहे. मे महिन्यात चंद्रपूरला बल्ब लावता? अंडी उकडायची आहेत का?" आमच्याकडं उन्हाळ्यात पिल्लाला ऊब हवेची मिळतेच. हवं ते एवढंच, कोरडी जागा, आईच्या अंगाखाली येणार नाही अशी.

इथं मायनं डोकं चालवलं. कैकाडी म्हणजे टोपली, कणगी. तो हात तिच्याकडं आहे, माझ्याकडं नाही, मी शिकलो तेव्हा ते 'जातीचं' म्हणून टाकलं. तिनं तुराट्या ओल्या करून बिनबुडाची छोटी कणगी विणली, खाली वीतभर भोक ठेवलं. भोकातून पिल्लं आत जातात, डुकरीण जात नाही. आत वाळलेलं तणस. कोपऱ्यात उंचवट्यावर ठेवली. भिंतीपासून वीतभर अंतरावर आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर एक बल्ली आडवी बांधली, म्हणजे डुकरीण भिंतीला टेकून घसरत बसली तरी मागं पिल्लाला निसटायला जागा राहते. बाई वहीत ते काढून घेऊन गेल्या. माय दिवसभर खूश होती.

बाकी सगळं आम्ही भंगारातून उभं केलं. टिनावर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, उरलेल्या टिनाला चुना मारला. दक्षिणेची आणि पश्चिमेची बाजू तुराट्यांच्या कुडानं झाकली, पण खालची हातभर जागा मोकळी, वारा जायला. पूर्वी आम्ही चारी बाजूंनी प्लॅस्टिक बांधायचो, 'झळ लागू नये' म्हणून. भट्टी करायचो, दुसरं काय. एका शेतकऱ्यानं फेकलेली ठिबकची नळी आणली. तोटीतून तासाला चार लिटर पाणी पडतं. वर ड्रम, खाली नळी, नळी अशी बांधली की डुकरीण निजली की थेंब मानेवर आणि खांद्यावर पडावा, कानात नको, कासेकडं नको. दोन दिवसांत तिला कळलं, आपणहून मान तिथं नेऊन झोपायला लागली. जमिनीला उतार दिला, पाणी पिल्लांकडून लांब जावं म्हणून. जुन्या कूलरचा पंखा कुडाबाहेर बसवला, वायर वर, तिच्या तोंडाला लागणार नाही अशी.

आणि ही गोष्ट लक्षात ठेवा: पाणी पडून थंड करत नाही, वाळून थंड करतं. म्हणून तोटी सतत चालू ठेवायची नाही. थोडा वेळ थेंब, मग बंद, वारा लागू द्यायचा, वाळलं की परत. अकरा ते पाच या वेळात एक बादली पुरते. पावसाळा आला, हवा दमट झाली की हेच पाणी कमी काम करतं, तेव्हा वाराच मोठा.

पिण्याचं पाणी वेगळं. बाळंतीण डुकरीण दिवसाला वीस ते चाळीस लिटर पिते. आमच्या घरची तीन माणसं मिळून पीत नाही एवढं. आणि आमच्याकडं हॉटेलची जूठण येते, ती खारट. खारट खाल्लं आणि पाणी नाही मिळालं तर डुकराच्या मेंदूवर जातं, झटके येऊन मरतं. आम्ही कित्येक वर्षं त्याला 'फेफरं' म्हणत होतो. जूठण आता उकळूनच देतो. २०२० साली आसामात डुकरांचा आफ्रिकन ताप आला, त्याला औषध नाही, आणि तो कच्च्या उष्ट्यातूनही पसरतो. देतो तेही रात्री नऊनंतर आणि पहाटे चारला. दुपारी खायला घालणं म्हणजे दुपारी तिसरी चूल पेटवणं.

पण पाणी आणायचं कुठून? नळ एक दिवसाआड. हातपंपावर माय पाचव्या घागरीला उभी राहिली की मागून आवाज यायचा, "डुकराले पाजाले हाये का हे पानी? मानसं मरून राह्यले." मायला उत्तर सुचायचं नाही. मलाही सुचत नाही. कारण बोलणारी बाईसुद्धा उन्हात दोन तास उभी असायची. तिचं पाणी आम्ही तोडलं नव्हतं, आणि आमचं तिनं तोडलं नव्हतं. ज्यांनी तोडलं ते हातपंपावर येत नाहीत. शेवटी माय पहाटे तीनला जायला लागली.

आणि एक गंमत. इकडं पालिकेची गाडी येते, मोकाट डुकरं म्हणून आमची उचलून नेते, दंड मागते. तिकडं रस्त्यापलीकडं जमीनवाल्याच्या पोरानं पांढऱ्या डुकरांचा फार्म काढला, फाट्यावर पाटी लावली, 'वराहपालन प्रकल्प'. पक्कं छप्पर, पंखे, फवारे. केंद्राच्या योजनेत अशा फार्मला निम्मं अनुदान मिळतं. मीही फॉर्म आणला होता. त्यात जमिनीचा सातबारा आणि बँकेचं पत्र मागतात. आमचं खोपट उभं आहे ती जागा कोणाच्या सातबाऱ्यावर आहे हे पालिकेलाच ठाऊक. आमचं ते डुक्कर, त्यांचं ते वराह. त्यांचा तो उद्योग, आमची ती घाण. मी शिबिरात जे बोललो होतो, जातीचा धंदा सोडा, ते खोटं नव्हतं. पण आपण सोडला की धंदा मरत नाही. तो नाव बदलून दुसऱ्याच्या घरी जातो.

यावर माझं एका मित्राशी भांडण झालं. जिवाभावाचा मित्र, पूर्णवेळ कार्यकर्ता. तो म्हणाला, "बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं, आणि तू डुकरं वाढवायचे क्लास घेतोस?" मी म्हटलं, महाडला जे सोडायला सांगितलं ते दुसऱ्याचं मेलेलं होतं, दुसऱ्यानं फेकलेलं होतं. हे जित्राब माझ्या मायनं वाढवलेलं आहे, तिच्या मालकीचं आहे, ती त्याचा भाव करते आणि नाही पटला तर विकत नाही. तो म्हणाला, मग जूठण कोणाची? तिथं मी गप्प झालो. त्याचं ते खरं आहे. हॉटेलच्या मागच्या दारी ड्रम घेऊन उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे. त्यावर माझ्याकडं अजून उत्तर नाही. मक्याचा भरडा आणि ढेप विकत घेऊन डुकरं पोसायची तर फी उरत नाही.

भांडण झालं त्या दिवशी तो आमच्याच ओट्यावर बसला होता. मायनं चहा आणला. तो म्हणाला, आताच घेतला. घेतला नव्हता. आम्ही बरोबरच आलो होतो स्टँडवरून. माय कप घेऊन आत गेली. मी काही बोललो नाही, आणि हे मी इथं लिहितोय कारण हा अंक तोही वाचतो.

२०२० चा उन्हाळा टाळेबंदीत गेला. हॉटेलं बंद, बाजार बंद. आम्ही बरीच डुकरं पडत्या भावात काढली. २०२१ ला दोनच माद्या होत्या. माझा हिशेब असा की डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नराला दूर ठेवायचं, म्हणजे बाळंतपण एप्रिल-मेच्या आगीत येत नाही. कागदावर सोपं. माय म्हणाली, "डुकराले कॅलेंडर कोन वाचून दाखवते?" आणि खरंच जानेवारीत वस्तीतला एक मोकाट नर कूड फोडून आत शिरला. मेच्या पहिल्या आठवड्यात डुकरीण व्याली. अकरा. एक मेलेलंच आलं.

बहीण तेव्हा घरी होती. तिला एक वर्ष उशिरा का होईना प्रवेश मिळाला होता आणि कोरोनामुळं कॉलेज बंद होतं. तिनं मोबाईल हातात घेतला आणि माणसाचे मोजायला शिकवलेले श्वास डुकरीणीचे मोजायला लागली. कूस वरखाली होते ती एक मिनिट मोजायची. निवांत असताना वीस-तीस. पन्नासच्या वर गेले की तोटी सोडायची. एके दिवशी दुपारी तीनला वीज गेली, पंखा बंद, श्वास ऐंशीच्या पुढं, तोंड उघडं. बहिणीचा चेहरा पांढरा. मी बादली उचलली. ती ओरडली, "दादा, एकदम नाही!" घागरीतलं साधं पाणी आधी जमिनीवर ओतलं, तिच्या भोवती. मग पायांवर, मग मानेवर, थोडं थोडं. मी टोपलीनं वारा घालत होतो. मायनं पिल्लं कणगीत कोंडली, सड मोकळे केले. कोणी तिला उठवलं नाही, हाकललं नाही. तासाभरानं बहीण म्हणाली, पंचेचाळीस. मी तिथंच चिखलात बसलो. मला दोन वर्षांपूर्वीचे ते तीन फोन आठवत होते. बहिणीलाही आठवत असणार. ती नुसतं मोजत राहिली.

दहातलं एक दबून मेलं. बाकीची दहा-बारा दिवसांची झाल्यापासून भिजवलेला भरडा चाटायला लागली, तेवढाच आईवरचा भार कमी. सहाव्या आठवड्यात तोडली. नऊ विकली गेली. बहीण आता एका दवाखान्यात नोकरीला आहे. तिथं कोणी विचारलं, घरी काय करतात, तर सांगते, "डुकरं." मला हे अजून जमत नाही. मी 'पशुपालन' म्हणतो.

गेल्या मे महिन्यात आमचा अभ्यासवर्ग पहिल्यांदा माझ्या अंगणात घेतला. कुडाच्या सावलीत सतरंजी टाकली. सात-आठ पोरं आली, तोही आला. संध्याकाळचे पाच असतील, चर्चा रंगात आली होती, तेवढ्यात मागून मायची हाक आली. ठिबकची नळी ड्रमापासून निसटली होती आणि पाणी कणगीकडं चाललं होतं. मी उठेपर्यंत तोच उठला, सगळ्यात जवळ तोच होता. मायनं त्याच्या हातात नळीचं टोक दिलं, "धरून ठेव बाबू, हालवू नको, मी दोरी आनतो." पँट गुडघ्यापर्यंत चिखलात, डुकरीण त्याच्याकडं बघतेय, आणि तो नळी धरून उभा. माय दोरी शोधायला गेली ती बराच वेळ आली नाही. मुद्दाम आली नसेल, मला माहीत आहे तिचा स्वभाव.

नंतर तिनं सगळ्यांना चहा दिला. त्यानं कप घेतला, सतरंजीवर ठेवला, आणि बोलायला लागला. चहावर साय धरली.

मी उचलला नाही. अजून तो बोलतच होता.